एका खुर्चीची पंगत

माझा राग खरा आहे आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. लोक म्हणतात, "जाऊ दे, चिकगू रोगायाह, झालं गेलं नदीला मिळालं." नदी मी रोज दोनदा ओलांडते, होडीतून, सकाळी शाळेत जाताना आणि दुपारी घरी येताना. तिला काही मिळाल्याचं मला तरी दिसलेलं नाही. चिकगू म्हणजे बाई, मास्तरीणबाई. एकोणतीस वर्षं हे ऐकतेय. आता घरात नवराही चिकगू म्हणतो, आणि तो म्हणाला की हमखास काहीतरी सांडलेलं असतं.

तर आमची शाळा मलेशियातल्या कुचिंगमध्ये, नदीच्या दक्षिण काठावर आहे, चिनी प्राथमिक शाळा. तिथं मी मलय शिकवते. धडे, शुद्धलेखन, परीक्षा हे सगळं आहेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शुक्रवारचा एक तास माझा. त्या तासाला पुस्तक उघडायचं नाही. पाहुणा आला तर काय म्हणायचं, वडीलधाऱ्यांच्या पुढून जाताना वाकून कसं जायचं, ताट एका हाताने पुढे करायचं नाही, मेहुण्याची चेष्टा कुठपर्यंत करायची, असलं सगळं त्या तासाला. अकरा वर्षं त्या तासाला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि हेडमास्तर खो यांनी मला ऑफिसात बोलावून, समोर बिस्किटांची बशी सरकवून म्हटलं, "चिकगू, शुक्रवारचा तुमचा तास गणिताला द्यावा म्हणतो."

"का?"

"पालकांची मागणी आहे."

"कुठल्या पालकांची?"

"सगळ्यांची." हेडमास्तरांचे 'सगळे' म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष आणि त्यांची बायको.

"सगळ्यांना माझा तास खुपतो होय? मला तर वाटेत भेटतात तेव्हा हसतात."

"हे बघा, रागावू नका. ती बोंग हुई फा घ्या. चौथीत आहे. चार वर्षं तुमच्या तासाला बसते. आजवर एक सबंध वाक्य मलयमध्ये बोलली का? एक?"

माणसाने नेमकं दुखऱ्या ठिकाणी बोट ठेवलं. हुई फा म्हणजे वर्गाची मॉनिटर, नऊ वर्षांची, केस कानापर्यंत. परीक्षेत पैकीच्या पैकी लिहिते. पण तोंडाने विचाराल तर 'हो', 'नाही' आणि फार खूश असली तर 'हो, चिकगू'. मी गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं, चॉकलेट देऊन पाहिलं. चॉकलेट घेतलं, पुढे ढिम्म. या क्षणीसुद्धा ती वह्यांचा गठ्ठा घेऊन ऑफिसच्या दारात उभी होती, मी 'जा' म्हणेपर्यंत हलायचं नाही म्हणून. तिच्यासमोर तिचंच नाव! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बोलेल ती," मी म्हटलं. "तास जाणार नाही."

"मग असं करू," हेडमास्तर म्हणाले. "वरच्या कार्यालयातून साहेब येणार आहेत, एनचिक शरकावी, उपक्रम बघायला. तुम्ही तासाचा काहीतरी उपक्रम दाखवा. त्यांच्या कागदावर सोळा कौशल्यं असतात. बारा दिसली, तर तास तुमचा. नाही दिसली, तर गणिताचा. बिस्कीट घ्या."

मी बिस्कीट घेतलं नाही. त्या माणसाच्या हातचं मी त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायले नसते. बशीला बोट लावलं आणि निघाले. बोट अर्थातच लावलं. राग आपल्या जागी, पण पुढे केलेलं अन्न न खाता, वर न शिवता कुणी निघतं का? मला नदी ओलांडायची असते. नदीत मगरी आहेत, आणि न शिवता निघालेलं माणूस त्यांना लांबून कळतं.

मी पंगत दाखवायची ठरवली. आमच्या लग्नाकार्यात असते तशी. जमिनीवर लांब कापड, दोन्ही बाजूंना माणसं, आणि स्वयंपाकघरापासून कापडापर्यंत वाढप्यांची रांग. भांडी हातोहात येतात, कुणी चालत नाही, कुणी ओरडत नाही. भाषा, रीत, वडीलधाऱ्यांचा मान, सगळं त्यात येतं. सोळा काय, वीस कौशल्यं दिसली असती.

घरी येऊन शेजारच्या माक सू किपतियाहना, म्हणजे मावशींना, सांगितलं. या पंचाहत्तरीच्या आणि यांच्या मसाल्याशिवाय आमच्या काठावर लग्न लागत नाही. त्यांनी ऐकलं, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"तू पंगत शिकवणार?"

"का? मला काय झालं?"

"रोहानाच्या लग्नात तू तिसऱ्या रांगेला कुर्मा आधी धाडलास आणि भात मागून."

"बावीस वर्षं झाली त्याला, माक सू!"

"लोकांना कुर्मा अजून आठवतो."

त्यांचे यजमान ओसरीवर झुल्यात पडले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "वाढपी महत्त्वाचा. हात थांबला की पंगत मेली. पोरांना एवढंच शिकव, बाकी आपोआप होतं." आयुष्यात त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या उचललेला मी पाहिलेला नाही. पण सल्ला द्यायला तांब्या उचलावा लागत नाही.

माक सूंनी पेन्यारम पुढे केल्या, गुळाच्या, नुकत्या तळलेल्या. मी रागात होते. बोट लावलं आणि उठले.

मग अर्ज. उपक्रमाचा अर्ज संगणकावर भरायचा असतो. त्यात एक रकाना होता, 'खुर्च्यांची संख्या'. मी शून्य भरलं. लाल झालं. पुन्हा शून्य. पुन्हा लाल. मी कार्यालयात फोन लावला. तिथला कारकून फार सभ्य होता. मला सभ्य माणसांचाच जास्त राग येतो, त्यांच्यावर ओरडता येत नाही.

"चिकगू, शून्य टाकलं की तुम्ही काही भरलंच नाही असं मशीनला वाटतं."

"मग मशीनला सांगा, मलय माणूस पंगतीला जमिनीवर बसतो."

"ते मला माहीत आहे हो. मीही मलयच आहे. पण मशीनमध्ये तशी सोय नाही. एक टाका."

"चाळीस माणसांत एक खुर्ची? तिच्यावर बसणार कोण?"

"किती आहेत ते महत्त्वाचं नाही, चिकगू. असली पाहिजे."

टाकली एक. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या भांडारातून सही घेऊन एक खुर्ची सभागृहात आली. निळी, प्लॅस्टिकची. तिच्या पाठीवर कागद चिकटवलेला, 'उपक्रमासाठी. हलवू नये.'

पुढच्या आठवड्यात हातमोजे आले. हेडमास्तर स्वतः दोन खोकी घेऊन वर्गात.

"मुलं हाताने जेवणार ना? मग हे लागतील."

"हात धुतात मुलं! मी उभी राहून धुऊन घेते!"

"हात धुणं हा निराळा मुद्दा आहे. अन्नाला उघडा हात न लागणं हा निराळा."

"मग जेवणारच कसं? पायाने?"

ते खोकी ठेवून गेले. नंतर परिपत्रक आलं, उपक्रमात अंधश्रद्धा शिकवू नयेत. मी कधी शिकवल्या? तीन आठवडे मी फक्त रांग शिकवली. छत्तीस मुलं. वीस वाढपी, सोळा पाहुणे. कॅन्टीनच्या दारापासून सभागृहाच्या भिंतीला लागून थेट कापडाच्या टोकापर्यंत वीस पोरं, आणि माझ्या तीन आज्ञा: हातात आलं की पुढे द्यायचं. थांबायचं नाही. विचारायचं नाही. रोज. रिकाम्या डब्यांनी, पाण्याच्या बादल्यांनी, एकदा शाळेच्या मांजरीनेसुद्धा सराव झाला, तो माझ्या संमतीने नव्हे. शेवटी उभा जेमी. त्याचं काम भांडं कापडावर ठेवणं. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत शहाणा पोरगा, म्हणून शेवटी. हुई फा रांगेत अकरावी. ती बोलत नसे म्हणून तिच्याकडून भांडं सगळ्यांत लवकर पुढे जाई.

तो दिवस आला. पहाटे माक सू आणि मी होडीतून तुपातला भात, कोंबडीचा कुर्मा, अननसाची भाजी, लोणचं आणि पेन्यारम घेऊन आलो. माक सू शाळेच्या पायरीवरूनच परत फिरल्या. "हातमोजे घालून जेवणारी पोरं मला बघवायची नाहीत," म्हणाल्या. "आणि भात आधी धाड."

एनचिक शरकावी दहाला येणार होते, ते पावणेअकराला आले. पन्नाशीचे, इस्त्रीची विजार, गळ्यात फाटकावर मिळालेला पाहुण्यांचा बिल्ला. सोळा पाहुणे पोरं कापडाशी बसलेली, मुली पाय एका बाजूला घेऊन, मुलगे मांडी घालून, सगळ्यांच्या हातांत पांढरे मोजे. साहेबांनी कापडाकडे पाहिलं, विजारीकडे पाहिलं.

"माझा गुडघा जरा…" ते म्हणाले, आणि त्यांना खुर्ची दिसली.

बसले! अख्ख्या सभागृहात एकटीच खुर्ची, तिच्यावर साहेब, आणि त्यांच्या गुडघ्याशी माझी सोळा मुलं मान वर करून त्यांच्याकडे बघत बसलेली. माझं डोकं तडकायला लागलं. पण मी गिळलं. तास वाचवायचा होता.

"सुरू करा," मी कॅन्टीनच्या दाराकडे हात केला.

आणि काय सांगू, रांग सुरू झाली तशी मी राग विसरले. पहिली भाताची परात आली. पोरांची रांग, पांढरे हात, आवाज नाही. परात भिंतीच्या कडेने तरंगत आल्यासारखी आली. मागून दुसरी. मग कुर्मा. भात आधी, कुर्मा मागून. माक सूंनी बघायला हवं होतं. मी साहेबांच्या शेजारी उभी राहून एकेक कौशल्य सांगत होते, सहकार्य, शिस्त, वाढताना उजवा हात. नजर माझी त्या हातांवरून हलत नव्हती. पाच पराती, पाच कुर्मे, अननस गेले.

"चिकगू," साहेब म्हणाले, "ही भांडी चाललीत कुठं?"

"कापडावर."

"कापडावर काही नाही."

मी वळून पाहिलं. कापड स्वच्छ होतं. मधोमध हात धुवायचं एक भांडं आणि सोळा पोरांची कोरडी तोंडं.

जेमी आला नव्हता. त्याची दाढ काढली होती आदल्या दिवशी. आईने चिठ्ठी धाडली होती ती हेडमास्तरांच्या टेबलावर. एकोणिसाव्या पोराच्या हातात परात आली, पुढे जेमी नाही. पण मागचं दार उघडं होतं आणि दारात बालवाडीची पोरं गंमत बघायला गर्दी करून उभी. एकोणिसाव्याने पुढे जो हात दिसला त्यात परात दिली. थांबायचं नाही, विचारायचं नाही. बालवाडीच्या पोरांनी परात ओढत, ढकलत आपल्या वर्गात नेली. मागून दुसरी. मागून कुर्मा. बालवाडीच्या बाईंना वाटलं, चला, एकदाची हेडमास्तरांना आपली आठवण झाली. मी धावत पोचले तेव्हा पंचवीस चिमुरडी पोरं चमच्यांनी कुर्मा ओरपत होती. एक पोरगी मला म्हणाली, "अजून भात आहे का?"

मी ओरडले. काय ओरडले ते सांगत नाही. रांग जागच्या जागी थांबली. शेवटचं ताट, पेन्यारमचं, हुई फाच्या हातात येऊन अडकलं आणि ती ते धरून तशीच उभी राहिली.

मी सभागृहात परतले तर साहेब उठले होते.

"सोळापैकी चार दिसली, चिकगू. साडेअकराला मला दुसऱ्या शाळेत जायचंय."

"साहेब, मुलं चुकली नाहीत! मी शिकवलं तेच त्यांनी केलं, अगदी तस्सं!"

"तेच लिहिलंय मी," साहेब म्हणाले. "सूचनांचं पालन, दिसले."

हेडमास्तर हळूच म्हणाले, "चिकगू, पेन्यारम आहेत अजून. साहेबांना…"

"काही नको," साहेब म्हणाले आणि निघाले.

इथं माझं फुटलं. सगळ्या मुलांसमोर मी म्हटलं, "घ्या तो तास! गणिताला द्या, शंभर तास द्या! खुर्चीवर बसवून शिकवा पंगत! मला नको ही शाळा, नको ते अर्ज, नको ते मोजे!" पिशवी उचलली आणि सरळ फाटकाकडे निघाले. दुपार व्हायच्या आत, तास चालू असताना. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं होतं. रागाचंच.

फाटकावर साहेबांची गाडी उभी. चौकीदार उंग्गात दांडा वर करीना.

"बिल्ला द्या, मग जा," तो म्हणत होता.

साहेब खिसे चाचपत होते. बिल्ला अर्थातच खुर्चीला लटकून राहिला होता. हेडमास्तर मागून धापा टाकत आले. मी बाजूने निघून जाणार, तेवढ्यात मैदानावरून चपलांचा फटफट आवाज. हुई फा. दोन्ही हातांत पेन्यारमचं ताट, तोल सावरत, तोंड लाल.

ती गाडीच्या खिडकीशी थांबली. श्वास घेतला. आणि ती बोलली. आमच्या काठावरच्या बोलीत, माझ्यासारखे हेल काढून.

"साहेब, हात लावा! तुम्ही न खाता निघालात. असं जायचं नसतं. नदीत मगर आहे, ती धरते. खायचं नसेल तर नका खाऊ, पण बोट तरी लावा. राग आला असला तरी लावायचं असतं. चिकगू पण लावतात, रोज लावतात, हेडमास्तरांवर चिडतात ना तेव्हासुद्धा!"

हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

एनचिक शरकावींनी काही विचारलं नाही. कौशल्य कितवं, कुठल्या पाठात, काहीच नाही. त्यांचा हात आपोआप खिडकीतून बाहेर आला आणि ताटाला लागला. मग त्यांनी एक पेन्यारम उचलून तोंडात घातली. ड्रायव्हरने त्यांच्यावरून वाकून हात लावला. उंग्गातने दांडा सोडून लावला. हेडमास्तर म्हणाले, "मी काही नदीवरून जात नाही, माझा रस्ता पुलावरून आहे," आणि त्यांनीही लावला.

मग ती माझ्याकडे वळली.

"चिकगू, तुम्ही पण."

"मला नकोय," मी म्हटलं.

"नको असलं तरी," हुई फा म्हणाली. "तुम्हाला तर होडीतून जायचंय."

मी बोट लावलं. काय करणार? आणि मग पिशवी खांद्यावरून काढली आणि परत वर्गावर गेले, कारण तास अजून संपलेला नव्हता.

जाताना मागून साहेबांचा आवाज आला, "चिकगू, हे कधी शिकवलंत?"

"शिकवलं नाही," मी न वळता म्हटलं. "परिपत्रकात मनाई आहे."

तीन आठवड्यांनी कागद आला. सोळापैकी पाच. पाचवं होतं, 'पाहुण्याला निरोप देण्याची रीत: दिसली.' हवी होती बारा. खाली शेरा, 'उपक्रम अपूर्ण. पुढच्या सत्रात पुन्हा पाहण्यात येईल. तोवर शुक्रवारचा तास आहे तसा चालू ठेवावा.' म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा मोजे, पुन्हा रांग, पुन्हा ते मशीन! मी कागद चुरगाळणार होते. मग दिसलं की अगदी तळाशी, छापील मजकुराच्या खाली, पेनाने लिहिलं होतं, 'मला खुर्ची नको.'

मशीनला ते अजून कुणी कळवलेलं नाही. मी कालच अर्ज भरला, शून्य टाकलं, लाल झालं.

आणि हुई फा? तिला आता कोण आवरणार? मगर किती लांब असते, होडीवाला हात लावतो का, कुत्र्याने न शिवता सोडलेलं चालतं का, मेहुण्याला चिडवायचं ते कुठपर्यंत आणि तिला मेहुणा कधी मिळणार. गेल्या शुक्रवारी सबंध तासात मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही तिने. चार वर्षं जिच्या एका वाक्यासाठी मी जीव टाकला, त्याच पोरीवर मी टेबलावर हात आपटून ओरडले, "बोंग हुई फा, गप्प बस!"

"हो, चिकगू," ती म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.